देवाच्या दारातली माणसं

गेल्या श्रावणातली गोष्ट. लालबागला आमच्या महिला मंडळाचं काम चालतं, त्यामुळे तिथल्या दोन-तीन चाळींत माझं सारखं येणं-जाणं असतं. त्यातल्याच एका चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. मजल्यावरची एक बाई सकाळपासून राबत होती. वय असेल चौतीस-पस्तीस. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, पदरात दोन मुलं, जेवणाचे डबे करून घर चालवते. प्रसादाचा रवा तिनेच भाजला, केळी तिनेच चिरली, चौरंगाला खांबही तिनेच बांधले. पूजा झाल्यावर सगळ्या बायका एकेक करून हळद-कुंकू वाहायला पुढे झाल्या, तशी तीही झाली. गुरुजींनी हात आडवा केला. फार काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. ती मागे सरली आणि पुन्हा शिऱ्याच्या पातेल्यापाशी जाऊन बसली.

कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही बोलले, हे कबूल करते. एरवी मी भाषणं देत फिरते, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही.

आठवड्याभराने ती घरी आली. रडली-बिडली नाही. एवढंच विचारलं की ताई, मी नको आहे ते देवाला की त्या गुरुजींना? आणि देवाला नको असेन तर ते गुरुजींना कुणी सांगितलं?

मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई आहे. मला उत्तर देता आलं नाही. पण तिच्या प्रश्नाने मला एक बाई आठवली. हाच प्रश्न तिने जन्मभर विचारला आणि ज्याने ज्याने हात आडवा केला त्याला विचारला, मग तो शास्त्री असो, पुजारी असो की साहेबांच्या देशातला बिशप असो. पंडिता रमाबाई. गिरगाव चौपाटीच्या मागे गावदेवीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. शेकडो लोक रोज तिथून जातात. आम्हाला बी.ए.ला त्यांच्यावर जेमतेम दोन ओळी होत्या: विधवांसाठी शाळा काढली आणि ख्रिस्ती झाल्या. या दोन ओळींच्या मध्ये केवढा मोठा जीव आहे, ते मला फार उशिरा वाचायला मिळालं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या सह्याद्रीत गंगामूळ नावाच्या रानात. रानात का, याची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. बाईच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून हा तरुण चकित झाला आणि त्याने ठरवलं की आपल्या बायकोलाही शिकवायचं. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं, नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी. (वयातलं हे अंतर आज वाचताना घशाशी येतं. पण तो काळच तसा होता.) या लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवलं.

झालं! शास्त्री-पंडितांनी त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे बोलावलं. बाईला देवभाषा शिकवता म्हणजे काय? अनंतशास्त्र्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले की पुराणं, काव्यं शिकायला बाईला मनाई नाही. सभेला ते मान्य करावं लागलं. पण तेढ काही गेली नाही. शेवटी ते बिऱ्हाड उचलून रानात राहायला गेले. तिथे लक्ष्मीबाई पहाटे, घरकामाला लागायच्या आधी, लहानग्या रमाला मांडीवर घेऊन श्लोक पाठ करून घ्यायच्या. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते ते या पहाटेच्या शिकवणीमुळे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एवढे पुढारलेले अनंतशास्त्री, पण वेद मात्र त्यांनीही बायको-मुलींना शिकवले नाहीत. तो अधिकार बाईला नाही, शूद्राला नाही, हे त्यांनीही मानलंच. म्हणजे ज्याने दार अर्धं उघडलं, त्यानेही उरलेलं अर्धं लावून घेतलेलं होतं.

रान सोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि मग वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं आणि त्यातलं पुन्हा दानधर्मात घालायचं. कुठलाही उद्योग करायचा नाही, कारण पुराणिकाने तो करू नये. नवस, उपास, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजनं चालूच. जवळ होतं नव्हतं ते सगळं देवाच्या नावाने पुजाऱ्यांच्या हाती गेलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. दागिने गेले, तांब्या-पितळेची भांडी गेली. रानातला पाला खायची वेळ आली. १८७४ मध्ये वडील गेले. मग आई गेली, पाठोपाठ थोरली बहीण.

आई गेली तेव्हाची हकीकत वाचताना माझा हात थांबला होता. अनोळखी गाव, हे भिकेला लागलेले, प्रेताला खांदा द्यायला कुणी येईना. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथा माणूस कुठून आणायचा? म्हणून चौथी रमा. पोर बुटकी, खांद्याची उंची पुरेना, म्हणून तिने आईच्या तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं आणि मसणापर्यंत चालत गेली. बायकांनी स्मशानात जाऊ नये म्हणतात ना!

त्यानंतर भाऊ-बहीण सारा देश पायी फिरले. चारएक हजार मैल चालले असतील, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. या फिरण्यात हिमालयाच्या बाजूच्या एका तीर्थावर घडलेला प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. तिथल्या तळ्यात म्हणे सात तरंगते डोंगर होते. पुण्यवान माणूस काठावर उभा राहून प्रार्थना करू लागला की डोंगर त्याच्याकडे सरकत येतात, पापी असेल तर जागचे हलत नाहीत. पुजारी सांगायचे की तळ्यात उतरू नका, मगरी आहेत. श्रीनिवासला राहवेना. पहाटे कुणी उठायच्या आधी तो पोहत आत गेला. बघतो तर डोंगर कसले, तराफ्यांवर दगड-माती रचून झाडं लावलेली! मागे नावाडी लपलेला असायचा. यात्रेकरूकडून दक्षिणा मनासारखी मिळाली की पुजाऱ्याने खूण करायची आणि नावाड्याने तराफा ढकलायचा.

ही गोष्ट मी त्या लालबागच्या बाईला सांगितली तेव्हा ती दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

पण रमेला काही हसू आलं नाही. आई-वडिलांनी ज्या दारांत आयुष्य आणि सगळी पुंजी वाहिली, त्या दारांत असले नावाडी बसलेले होते. आणि तरी देव नाहीच, असं ती म्हणाली नाही. तिचं शोधणं चालूच राहिलं.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित मुलगी संस्कृतमध्ये अस्खलित बोलते, हे ऐकून तिथले पंडित परीक्षा घ्यायला जमले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तिने बायकांपुढे शास्त्रातल्या स्त्रीधर्मावर बोलावं, अशी तिथल्या लोकांची इच्छा होती. त्यासाठी तिने धर्मशास्त्रं काढून वाचली आणि इथेच पाय घसरला म्हणा की जमीन सापडली म्हणा. एका ग्रंथाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत: बाई मुळातच वाईट, आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. नवऱ्याची सेवा हीच तिची भक्ती, त्याच्या कृपेने झालं तर काही व्हायचं. म्हणजे देवाकडे जायची वाटसुद्धा नवऱ्याच्या अंगणातून! ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेदाची प्रत दिली आणि वाच म्हणून सांगितलं. वडिलांनी जे दार लावून ठेवलं होतं, ते असं उघडलं. तिने वेद वाचले. समाधान मात्र तिथेही झालं नाही.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्या काळच्या समजुतीने तो शूद्र जातीचा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. एकोणीस महिन्यांचासुद्धा संसार धड झाला नाही. चोविसाव्या वर्षी कडेवर मूल आणि कपाळ मोकळं. भागवत पाठ असलेली पंडिता असो की डबे करणारी बाई, समाजाच्या हिशेबात त्या दिवसापासून दोघी सारख्याच.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, त्याची शाखा मुंबईतही निघाली. बायकांना शिक्षिका हव्यात, बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हव्यात, हे त्यांनी सरकारच्या हंटर कमिशनपुढे जाऊन सांगितलं. स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी नीट ऐकू येईना, त्यामुळे डॉक्टरकी राहिलीच.

वाँटेज गावात सेंट मेरी संघाच्या सिस्टर्सकडे त्या उतरल्या होत्या. या सिस्टर्स लंडनमध्ये घसरलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी आश्रम चालवत. रमाबाईंनी तो जाऊन पाहिला. ज्या बाईला आपल्याकडे उंबऱ्यातही उभं करणार नाहीत, तिला इथे जवळ घेऊन माणसात आणतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी बायबलमधली शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, जातीने हलकी मानलेली, चार जणांत बदनाम झालेली बाई, आणि तिच्याशी येशू बोलतो ते हे की देव या डोंगरावर किंवा त्या देवळातच असतो असं नाही, मनाने आणि खरेपणाने भजेल त्याला तो आहे. जिने देशभर देवळं पालथी घातली तिला हे किती लागलं असेल! २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो सोहळा सुखाचा मात्र नव्हता. त्यांच्यासोबत हिंदुस्थानातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याआधी थोडेच दिवस तिथेच जीव दिला होता. ते दुःख रमाबाईंनी पचवलं कसं, त्याच जाणोत.

इथपर्यंतची गोष्ट लोकांना थोडीफार माहीत असते. पुढची नसते, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

नव्या धर्मातही हात आडवे करणारे होतेच. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. मायाळू, पण शिस्तीच्या. रमाबाई शाकाहार सोडेनात, अंडं घातलेलं पक्वान्न खाईनात, तर याला त्या जातीचा ताठा म्हणू लागल्या. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, अक्षरं हवीतच तर संस्कृतात का नकोत? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एक देव, ही शिकवण त्यांच्या बुद्धीला पटेना. पटत नाही तर मान्य करणार नाही, म्हणाल्या. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवत. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी विरोध कळवला. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल म्हणे! जिने कलकत्त्याच्या पंडितांपुढे उभं राहून परीक्षा दिली, तिला हे ऐकावं लागलं.

सगळ्यात जीवघेणी ओढाताण झाली ती मुलीवरून. मनोरमेला धर्मातलं काय शिकवायचं, हे सिस्टर्स ठरवू पाहत होत्या. रमाबाईंनी स्पष्ट कळवलं की जे मला स्वतःला पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या गळी उतरवायचं नाही. आपण आया आहोत, आपल्याला कळेल हे. परका देश, पोटाला त्यांचंच अन्न, आणि त्यांनाच नाही म्हणायचं.

त्या वेळची त्यांची पत्रं प्रसिद्ध झालेली आहेत. त्यात त्यांनी लिहिलेल्या एका विचाराचा भावार्थ सांगते. मायदेशातल्या भटभिक्षुकांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही. धर्मगुरू बोलला म्हणजे देव बोलला, असं मी धरून चालणार नाही. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच हे लिहायचं म्हणजे छाती हवी. इथे हिंदू म्हणत होते की बाटली, तिथे ख्रिस्ती म्हणत होते की अजून पुरती आमची झाली नाही. महात्मा फुल्यांसारख्या एखाद्याने मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. तिथे पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. त्यातून बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पुरवायचं तिने कबूल केलं.

आणि मग मुंबई. ११ मार्च १८८९. गिरगाव चौपाटीजवळ एका घरात शारदा सदन उघडलं. समारंभाच्या अध्यक्ष काशीबाई कानिटकर. सभेला बाई अध्यक्ष, १८८९ साली! विद्यार्थिनी किती? सुरुवातीला दोन. त्यातली विधवा एकच, देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहानपणी लग्न झालं, काही महिन्यांत नवरा गेला, पुढे केशवपन झालेलं. गोदूबाईंचा भाऊ नरहरपंत मुंबईत आपल्या मित्राबरोबर, धोंडो केशव कर्व्यांबरोबर राहायचा. भावाने बहिणीला सदनात घातलं. १८९३ मध्ये याच गोदूबाईंनी कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, आपल्या सगळ्यांच्या बाया कर्वे. चौपाटीवरच्या त्या घरातून एवढं मोठं झाड उगवलं.

सदनाचा नियम असा की धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलीला जे सोवळं-ओवळं पाळायचं ते पाळू द्यायचं, स्वयंपाक वेगळा हवा असेल तर वेगळा. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे प्रार्थना समाजाचे मोठे लोक होते. गिरगावात प्रार्थना समाजाचं मंदिर आजही उभं आहे, बसच्या थांब्याचं नावही तेच. त्या सालच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेस भरली, तिला जोडून सामाजिक परिषद झाली. तिथे रमाबाई विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. पुढच्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरलं. लोखंडे म्हणजे आमच्या गिरणगावातल्या कामगारांचे पहिले पुढारी. मला याचं फार कौतुक वाटतं. शास्त्रार्थ करणाऱ्यांना जे सुचेना, ते ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना सुचलं.

१८९० च्या अखेरीला सदन पुण्याला हललं. खर्च परवडेना, हे एक कारण.

या सुमारास रमाबाईंच्या मनात आणखी एक उलथापालथ झाली. त्या स्वतःच पुढे लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडला १८९१ मध्ये. कुणा पाद्र्याने दाखवला म्हणून नव्हे, वाचता-वाचता, विचार करता-करता. आपण वेगळ्या धर्माच्या असू, तरी यातलं म्हणणं आपल्याला कळतं. देव्हारा घरात असतो, आरत्या पाठ असतात, आणि तरी कधीतरी वाटतं की यातला तो कुठे आहे?

आता अवघड भाग. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. मुली कुतूहलाने आत येऊन बसत. काही मुलींना ते आवडू लागलं. ओरड झाली. पुण्यातली वर्तमानपत्रं, त्यात ‘केसरी’ पुढे, तुटून पडली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पंचवीसेक मुलींना पालकांनी घरी नेलं.

चूक कुणाची? मी बरेच दिवस विचार केला. रानडे-भांडारकर काही दुष्ट नव्हेत. त्यांनी पालकांना शब्द दिला होता, विश्वासाने मुली आणल्या होत्या. आश्रयाला आलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीवर, जी आपल्याला आईच्या जागी मानते तिच्यावर, नुसत्या उघड्या दाराचाही भार पडतोच. हे रमाबाईंनी समजायला हवं होतं असं मला वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. त्या मुलींना कुणी विचारलं का, की बाई, तुला काय वाटतं? घेऊन जाणाऱ्यांनी विचारलं नाही. कितीजणींना पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात नेऊन बसवलं. त्यांचा आत्मा वाचला असं सगळ्यांना वाटलं आणि पाटी-पुस्तक गेलं.

हाच प्रश्न पुढे केडगावला आणखी मोठा होऊन येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळात पाला खाल्लेली बाई, तिला ती हाडांची पोरं बघवली नाहीत. शेकडो मुली त्यांनी दौंडजवळच्या केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. आंधळ्या, टाकलेल्या, फसवलेल्या, सगळ्या जातींच्या. तिथे शेती होती, माग होते, तेलघाणा होता, छापखाना होता, आणि हे सगळं बायका चालवत. अशी कामगिरी करणारी दुसरी बाई त्या काळात मला तरी दिसत नाही. पण तिथे धर्म ख्रिस्ती होता, उघडपणे. उपाशी पोराला भाकरी दिली आणि त्याच हाताने देवही दिला, तर त्या पोराने तो देव शोधला म्हणायचं की भाकरीबरोबर आला म्हणून घेतला? जिने आयुष्यभर मधल्या माणसांना बाजूला सारलं, तीच हजार मुलींच्या दारात उभी नव्हती का? हे मला टोचतं. रमाबाईंवर माझं प्रेम आहे, म्हणून जास्त टोचतं. पण त्या मुली दुष्काळात वाटेवर पडल्या होत्या तेव्हा त्यांचा धर्म राखणारं कुणी तिकडे फिरकलेलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या बाजूने एवढं नक्की सांगता येतं की त्यांनी मुक्ती सदन कुठल्याही एका चर्चच्या ताब्यात दिलं नाही. आणि शेवटची वर्षं त्यांनी ज्या कामात घातली ते काम पाहिलं की त्यांच्या मनात काय होतं ते उमगतं.

त्या वेळी मराठीत असलेलं बायबलचं भाषांतर जड, संस्कृतने भरलेलं होतं. मुक्ती सदनातल्या शेतात राबणाऱ्या बाईला ते कळत नसे, अर्थ विचारायला कुणाकडे तरी जावं लागे. कुणाकडे तरी म्हणजे पुन्हा मधला माणूस आलाच. मोठ्यातल्या मोठ्या पंडितांना संस्कृतात उत्तर देणाऱ्या या बाईने आता ठरवलं की कमीत कमी संस्कृत, साधी घरातली मराठी. मूळ ग्रंथ हिब्रू आणि ग्रीक भाषांत, तर त्या भाषा शिकल्या. उतारवयात, कान गेलेले असताना! आश्रमातल्याच बायका खिळे जुळवत, छापत, आणि रमाबाई मुद्रितं तपासत बसत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या मागे सगळं चालवायचं ते हिनेच, असं ठरलेलं. चाळीस वर्षांची एकुलती एक लेक. रमाबाई पुन्हा मुद्रितं घेऊन बसल्या. १९२२ च्या वसंतात भाषांतराचं काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिलला झोपेतच त्या गेल्या. छापलेला पुरा ग्रंथ केडगावच्या बायकांच्या हाती पडला तो त्यांच्या मागे. ज्या बायकांनी तो छापला त्यातल्या कितीतरी जणी आश्रमात येईपर्यंत अक्षरओळखही नसलेल्या होत्या. आता त्या कुणाला न विचारता तो वाचत होत्या.